मण्यांचे दागिने घरी करायला शिकतेय, दोरा-सुई-मणी कुठून घेऊ? शिवाय आजीची तुटलेली मोत्याची माळ

रेवा_डोंबिवली
नमस्कार मंडळी, मध्यंतरी पाय मुरगळून तीन आठवडे घरी होते तेव्हा टाइमपास म्हणून ऑनलाइन एक किट मागवलं, २४ खणांचा डबा, प्लास्टिकचे रंगीबेरंगी मणी, इलॅस्टिकचं रीळ, थोडे हुक आणि एक चिमुकली कात्री. चार ब्रेसलेटं केली, लेक खूश, मलाही चस्का लागला. त्यातलं एक घालून ऑफिसला निघाले तर दादर यायच्या आत ते फटकन तुटलं, लेडीज डब्यात सगळीकडे मणीच मणी, आणि एक काकू म्हणाल्या, अगं संक्रांत झाली की, आता कसलं वाण लुटतेस. हसले पण लाजही वाटली.

तर आता जरा नीट शिकायचंय. इलॅस्टिक सोडून कुठला दोरा वापरू, त्या बारीक मण्यांत सुईच जात नाही त्याला काय करू, आणि सामान मुंबईत कुठे मिळेल. विकायचं वगैरे काही नाही, घरच्यापुरतं आणि मैत्रिणींना द्यायला.

दुसरं म्हणजे आईच्या आईची मोत्याची एकपदरी माळ आहे, दोरा कधीच तुटलाय, मोती एका कुंकवाच्या डबीत पडून आहेत, मोजले तर ६१ भरले. आई म्हणते तू शिकतेयस ना, तूच ओव. हात लावायची भीती वाटतेय. लावू का?

ठाण्याची_काकू
अगं इलॅस्टिक वाईट नसतं, तू ते आधी ओढून घेतलं नसशील. मणी ओवायच्या आधी दोन्ही हातांत धरून पाच-सहा वेळा सावकाश ताणायचं, म्हणजे जे सैल व्हायचंय ते आधीच होतं. गाठ मारताना दोनदा गुंडाळून मग ओढायची आणि गाठीवर फेविक्विक अजिबात नको, त्याने इलॅस्टिक कडक होऊन तिथेच तुटतं आणि आजूबाजूच्या मण्यांवर पांढरी भुकटी बसते ती वेगळी. पारदर्शक नेलपॉलिशचा एक थेंब पुरे. तरी इलॅस्टिक लहान मुलींच्या ब्रेसलेटला, तेही एखाद वर्ष चालेल या हिशोबानेच.

आणि ताटात जुन्या टर्किश टॉवेलचा तुकडा घालून त्यावर मणी ओतायचे. गडगडत नाहीत, आणि सुईच्या टोकाने उचलताना भोक आपोआप समोर येतं. पंखा बंद. मांजर बाहेर. मी हे मांजराचं गमतीत लिहीत नाहीये.

मणीमंजिरी
रेवा, आधी नंबर समजून घे नाहीतर ऑर्डर केल्यावर रडशील, मी रडलेय. बारीक काचेच्या मण्यांचा नंबर उलटा चालतो, जितका मोठा नंबर तितका मणी बारीक. ८ नंबर म्हणजे साधारण ३ मिमी, ११ नंबर २ मिमीच्या आसपास, १५ नंबर दीड मिमी. मी पहिल्यांदा मोठे हवेत म्हणून १५ मागवले होते, पाकीट उघडलं तर खसखस. सुरुवात ८ ने कर, डोळे दुखत नाहीत, सुई जाते आणि चुकलं तर कुठे चुकलं ते दिसतं.

मण्यांच्या दर्जाचं म्हणशील तर नुसती माळ ओवायची असेल तर आपल्याकडचे साधे मणी छान, थोडे वाकडेतिकडे असतात त्यात उलट मजा येते. पण विणकाम करायचं असेल, म्हणजे ती पट्टीसारखी ब्रेसलेटं, पानंफुलं, तर जपानी मणी घे, मियुकी किंवा टोहो. एकसारखे असतात म्हणून पट्टी सरळ येते, साध्या मण्यांची पट्टी अर्ध्यावर जाऊन नागमोडी व्हायला लागते आणि आपल्याला वाटतं आपलंच चुकतंय. महाग आहेत, पण ११ नंबरचे गोल मणी ग्रॅमला साधारण ११० बसतात, म्हणजे दहा ग्रॅमच्या पाकिटात हजारावर मणी. तेवढ्यात दोन ब्रेसलेटं सहज होतात. त्यांचे ते नळीसारखे डेलिका मणी अजून हलके, ग्रॅमला २०० च्या आसपास.

सुई शिवणकामाची नको, तिचं नेढं जाड असतं आणि मण्यात अडकून मणी फुटतो. मोती ओवायची सुई म्हणून माग, लांब आणि केसासारखी बारीक येते. ती वाकते, वाकू दे.

सुहास_चिपळूण
दोऱ्यासाठी एवढा विचार कशाला? आमच्याकडे बहिणीच्या रुखवताला आईने सगळं तंगुसात, म्हणजे त्या नायलॉनच्या दोऱ्यात, केलं होतं, तोरण, कळस, मण्यांची घागर, समई. सुईसुद्धा लागत नाही, तंगूस स्वतःच कडक असतो, डायरेक्ट मण्यात जातो. हार्डवेअरवाल्याकडे मिळतो.

मणीमंजिरी
सुहासदादा, तोरणाला तंगूस एकदम बरोबर, गळ्यातल्याला नको. माळ गळ्यावर पडतच नाही, सापाच्या वेटोळ्यासारखी वर उचलून राहते, आणि काही वर्षांनी पिवळा पडून कडकडीत होतो. तुमच्या आईंचं तोरण दाराला लागलंय, ते मान वळवत नाही.

सुहास_चिपळूण
हा, तो मुद्दा आहे. तोरण पण पिवळं पडलंय म्हणा.

गाठवणारा
आमचं घराणं पटवेकरांचं, म्हणजे दागिने दोऱ्यात गाठवून देणाऱ्यांचं. वडलांपर्यंत दुकान होतं, मी नोकरी करतो, पण घरातलं आणि ओळखीतलं गाठवायचं काम अजून माझ्याकडेच येतं, म्हणून मोत्यांबद्दल थोडं सविस्तर लिहितो.

ताई, जरूर हात लावा. मोत्याच्या माळेचा दोरा अधूनमधून बदलावाच लागतो, घामाने आणि पावडरने तो कुजतो. आधी मोती खरे आहेत का बघा, दाताच्या कडेवर हळूच घासा, खरा असेल तर बारीक वाळूसारखा खरखरीत लागतो, काचेचा किंवा प्लास्टिकचा गुळगुळीत. पण ही परीक्षा फक्त खरा-खोटा एवढीच सांगते, नैसर्गिक की शेतीचा, म्हणजे माणसाने शिंपल्यात वाढवलेला, ते नाही, दोन्ही खरखरीतच लागतात. ते बघायला लॅबमध्ये एक्स-रे काढतात. घरोघरी आजीच्या मोत्यांना बसराच, म्हणजे इराणच्या आखातातले नैसर्गिक मोती, म्हणायची पद्धत आहे, असू दे, म्हणायला पैसे पडत नाहीत.

दोरा रेशमाचा घ्या. प्रत्येक दोन मोत्यांच्या मध्ये एक गाठ. त्यामुळे मोती एकमेकांवर घासत नाहीत आणि माळ तुटली तरी एकच मोती पडतो, लोकलमध्ये वाण लुटायची वेळ येत नाही. गाठ सैल ठेवायची, तिच्यात टाचणी किंवा दाभणाचं टोक घालायचं, टोकाने गाठ सरकवत मोत्याला अगदी टेकवायची, मग टोक काढून दोरा ओढायचा. पहिल्या दहा गाठी वाईटच येतात, म्हणून आधी प्लास्टिकच्या मोत्यांवर एक अख्खी माळ करा, मग आजीच्या मोत्यांना हात लावा.

दोन गोष्टी विसरू नका. दोरा माळेच्या चौपट घ्या आणि दुमडून दुहेरी ओवा, गाठी दोरा खातात. आणि गाठींमुळे माळ लांबते, ६१ मोती ६ मिमीचे धरले तर नुसते साडेचौदा इंच भरतील, गाठींसकट साडेसोळाच्या पुढेमागे जातील. हुकाच्या कडीत दोरा घासून तुटतो, तिथे बारीक तारेची स्प्रिंगसारखी नळी मिळते ती दोऱ्यावर चढवा. किंवा हुक नकोच, मागे गोंडा लावा आणि सरकगाठ घाला, लांबी हवी तशी करता येते. आमच्याकडे ठुशी आणि चिंचपेटीला तेच करतात.

निशिगंधा_९
दादा किती छान लिहिलंत. मी इतकी वर्षं मोत्यांचा सेट साबणाच्या पाण्यात धुतेय 😐

गाठवणारा
आता बंद करा. मऊ कोरड्या फडक्याने पुसा फक्त. अत्तर-पावडर-स्प्रे आधी, मोती सगळ्यात शेवटी.

भुलेश्वरकर
सामानाचं मी सांगतो. मुंबईत भुलेश्वरच्या गल्ल्या आणि क्रॉफर्ड मार्केटजवळची अब्दुल रहमान स्ट्रीट, दोन्ही एका फेरीत होतात. शनिवारी सकाळी लवकर जा, रविवारी बरीचशी दुकानं बंद. काही ठिकाणी होलसेलच देतात, पाव किलोच्या खाली बोलतच नाहीत, तिथे वाद न घालता पुढच्या दुकानात जायचं. मणी सुटे न घेता लडीने घ्या, लडी साधारण १६ इंचांची येते, ८ मिमीचे ५० आणि ४ मिमीचे १०० च्या आसपास बसतात, म्हणजे एका लडीत एक गळ्यातलं होतं असा सोपा हिशोब. घ्यायच्या आधी लडी उजेडाकडे धरून बघा, भोकं मधोमध आहेत का, रंग वरून फासलाय का. मी खिशात नेलपॉलिश रिमूव्हर लावलेला कापूस ठेवतो, एका मण्यावर फिरवला की कळतं, पण दुकानदाराला विचारून हं, नाहीतर ऐकून घ्यावं लागतं.

पेठेतली_पल्लवी
पुण्याचं कुणी विचारलं नाही तरी सांगतेच, रविवार पेठ, बोहरी आळी. तुळशीबागेत तयार दागिने जास्त, सुटं सामान कमी. कोल्हापूरला असाल तर गुजरीत चक्कर मारा, काही घ्यायचं नसलं तरी ठुशीचे मणी कसे बसवतात ते बघून या.

माझं म्हणणं वेगळंच आहे रेवा, तू नथ करून बघ. मणी कमी लागतात आणि तासाभरात काहीतरी हातात येतं. २६ किंवा २८ गेजची पितळी किंवा सोनेरी मुलाम्याची तार, ३-४ मिमीचे सात-आठ मोती, एक लाल आणि एक हिरवा खडा. चापाची कर म्हणजे नाक टोचलेलं नसलं तरी चालते. तार एकदा वाकवली की परत सरळ करायच्या भानगडीत पडू नको, दोन-तीनदा उलटसुलट केली की तुटतेच. माझ्या पहिल्या तीन नथी कोळंबीसारख्या दिसत होत्या, चौथी मंगळागौरीला घातली.

ठाण्याची_काकू
कोळंबी 😂😂

एडिसनची_अश्विनी
इथे न्यू जर्सीत मराठी मंडळाच्या गणपतीला मी दर वर्षी मुलींना मोत्यांच्या कुड्या करायला बसवते, एकच सांगते, कानातल्याच्या हुकात पैसे वाचवू नका. स्वस्त हुकांत निकेल असतं, माझ्या एका विद्यार्थिनीचे कान दोन तासांत लालबुंद झाले आणि तिच्या आईने मला जे ऐकवलं ते इथे लिहिण्यासारखं नाही. चांदीचे घ्या किंवा सर्जिकल स्टीलचे. आणि घरात रांगणारं मूल असेल तर काम झालं की फरशीवरून हात फिरवा, नुसतं बघून कळत नाही.

विक्रम_वाशी
हे सगळं शिकून विकायला काढलं तर महिन्याला किती सुटतात?

मणीमंजिरी
एका विणलेल्या ब्रेसलेटला माझे सहा तास जातात. हिशोब तुम्हीच करा, मी केला होता आणि मग कधीच केला नाही.

रेवा_डोंबिवली
सगळ्यांचे खूप आभार! शनिवारी भुलेश्वरला जाऊन आले. ठरवून गेले होते की फक्त रेशीम, दोन सुया आणि प्लास्टिकच्या मोत्यांच्या दोन लडी घ्यायच्या, येताना पिशवीत अकरा लडी होत्या. फिरोजी रंगाच्या तर तीन, का घेतल्या विचारू नका. नवरा विचारतोच आहे.

रेवा_डोंबिवली
अपडेट. दादांनी सांगितल्याप्रमाणे आधी प्लास्टिकच्या मोत्यांवर माळ केली. पहिल्या गाठींत दाभण काढलं की गाठ मोत्यापासून लांब जाऊन बसायची, मध्ये दोन दोन मिमीचा दोरा उघडा, आणि रेशमाची एकदा बसलेली गाठ सुटत नाही म्हणजे नाहीच. विसाव्या गाठीपाशी कळलं की मी दाभण फार लवकर काढतेय, गाठ मोत्याला टेकून अंगठ्याच्या नखाने दाबून धरायची आणि मगच काढायचं. हे कळल्यावर हात चालायला लागला.

मग काल रात्री आजीचे मोती काढले. आणि शहाणपणा केला, चौपट दोरा म्हणजे उगाच वाया जाईल म्हणून तिप्पट घेतला. १४ मोती शिल्लक राहिले आणि दोरा संपला. रात्रीचे साडेबारा. ४६ गाठी कात्रीने कापून मोती परत डबीत टाकले. आज सकाळी चौपट घेऊन पुन्हा बसले, दुपारी तीनला पूर्ण झाली. पट्टीने मोजली, बरोब्बर साडेसोळा इंच! आईला व्हिडिओ कॉलवर दाखवली तर ती माळेबद्दल काहीच बोलली नाही, म्हणाली मोती ६३ होते, दोन कुठे गेले. आता दोन मोत्यांचा शोध चालू आहे, कुंकवाच्या डब्या अजून चार निघाल्यात घरात.

गाठवणारा
शाब्बास ताई. शेवटची गाठ मारण्याआधी रात्रभर खिळ्याला लटकवून ठेवलीत का? रेशीम पहिल्यांदा थोडं उतरतं.

रेवा_डोंबिवली
नाही ना! पण दोन्ही टोकं अजून मोकळीच आहेत, गोंडा लावायचाय. आत्ता लटकवते, देवघराच्या खिळ्याला. गोंडा हिरवा घेऊ की तांबडा? पुढच्या रविवारी भाच्याची मुंज आहे, साडी मोरपंखी, हातात हिरव्या बांगड्या.

गाठवणारा
तांबडा.

ठाण्याची_काकू
तांबडाच. हिरवा बांगड्यांशी भांडेल. आणि फोटो टाक गं, पाठीमागून पण, गोंड्याचा.