मुलाचा ताबा: निम्मा-निम्मा हाच नियम हवा का?

सातारकर: धाकट्या भावाची केस कौटुंबिक न्यायालयात आहे. अंतरिम आदेश असा: मुलगी आईकडे, बापाला दुसऱ्या-चौथ्या शनिवारी दोन तास, तेही कोर्टातल्या मुलांच्या खोलीत. म्हणायला अंतरिम, पण तारखा पडत राहतात आणि निकालाच्या वेळी ऐकायला मिळतं, मूल आता तिथे रुळलंय, हलवायला नको. ताबा दोघांना समान, हीच सुरुवात असावी. ज्याला नको त्यानं कारण सिद्ध करावं. विधी आयोगानंही २०१५ च्या २५७व्या अहवालात संयुक्त ताबा सुचवलाय.

निशिगंधा: एक घर कोथरूडला, दुसरं वाघोलीला, मग शाळा कुठे? व्हॅन कुठून उचलणार? आणि मारझोडीमुळे घर सोडलेल्या बाईनं दर आठवड्याला त्याच दारात मूल सोडायला जायचं? तुमच्या नियमात पुरावा तिनं द्यायचा. चार भिंतींआडच्या गोष्टींचा पुरावा आणायचा कुठून? 'समान' मागणाऱ्या किती बापांना वर्गशिक्षिकेचं नाव तरी ठाऊक असतं!

सातारकर: आधी शाळेत पाऊल तरी टाकू द्या. पालकसभेचा निरोपसुद्धा भावाला येत नाही, ग्रुपमधून काढलंय. मारझोडीचा अपवाद कायद्यात लिहाच. पण त्यापायी सगळ्याच बापांना पाहुणे का करता?

वकीलीणबाई: अहवाल अर्धाच वाचलाय तुम्ही. आयोगानं संयुक्त ताबा पर्याय म्हणून सुचवला. तोच गृहीत धरावा, हे मात्र नाकारलं. ऑस्ट्रेलियानं २००६ साली पालकांची समान जबाबदारी गृहीत धरली. अनेकांनी त्याचा अर्थ 'निम्मे दिवस' असा लावला. २०२३ च्या दुरुस्तीनं ते गृहीतकच गेलं. आपल्याकडे हिंदूंच्या १९५६ च्या पालकत्व कायद्यात पाच वर्षांखालचं मूल सामान्यतः आईकडे. त्याच कलमात नैसर्गिक पालक म्हणून आधी बापाचं नाव आहे, ते कुणी काढत नाही! सगळ्यांवर कलम १३: मुलाचं हित.

भावाला म्हणावं, तत्त्वावर भांडत बसू नको, आदेशात बदल माग. यशिता साहू प्रकरणात (२०२०) सर्वोच्च न्यायालय म्हणालंय की ताबा एकाकडे असला तरी दुसऱ्याला पुरेशी भेट मिळायला हवी. व्हिडिओ कॉलचाही उल्लेख आहे. रात्रीचा मुक्काम, शाळेचे निरोप थेट मिळणं, अर्जात स्पष्ट लिहा.

दोनघरी: मी अशाच घरातली. न्यायाधीशांनी चेंबरमध्ये प्रेमानंच विचारलं होतं, कुणाकडे राहायचं? काहीही सांगितलं तरी घरी कुणीतरी रडणार, हे त्या वयातही कळतं. निम्मे दिवस मला नको होते. दप्तर, सायकल, मैत्रिणी एका जागी हव्या होत्या. पण कोर्टाच्या खोलीत बाबांशी बोलणार काय? "अभ्यास कसा चाललाय" झालं की दोघं गप्प. त्यांच्या घरी जाऊन नुसती लोळले असते तरी चाललं असतं.

सातारकर: म्हणजे तास वाढवा, एवढंच?

दोनघरी: तास वाढवा, जागा बदला. आणि काका, भाऊ त्या दोन तासांत मुलीला आईबद्दल खोदून विचारतो का, बघा जरा.

निशिगंधा: मुक्कामाला माझीही ना नाही. पण थकलेली पोटगी आधी भरा म्हणावं.

वकीलीणबाई: पोटगी थकली म्हणून भेट अडवता येत नाही, अन् भेट मिळत नाही म्हणून पोटगीही थांबवता येत नाही. दोन्हींसाठी वेगळे अर्ज करा.