जबड्यातली केराटोसिस्ट: नळी घालावी की एकदाच काढावी?

बीडचा दंतवैद्य: तिशीतला ऊसतोड मजूर. अक्कलदाढेमागं सूज, ठणका जवळपास नाहीच. एक्स-रेत खालच्या जबड्याच्या कोपऱ्यातून वर चढलेली काळी पोकळी. सुईनं ओढलं तर ओल्या पनीरासारखा पिवळट ऐवज आला. बायोप्सीत ओडोन्टोजेनिक केराटोसिस्ट, म्हणजे दात घडवणाऱ्या पेशींच्या अवशेषांपासून होणारी पिशवीसारखी गाठ. माझं मत, आधी छोटी खिडकी पाडून नळी बसवावी, रोज सलाइननं धुवायला लावावं आणि काही महिन्यांनी गाठ आकसली की काढावी. जबड्याचं हाडही वाचतं, ओठाला संवेदना देणारी शीरही.

संभाजीनगरकर सर्जन: कागदावर ठीक आहे हो. पण दसरा झाला की गडी टोळीबरोबर सांगलीकडं नाहीतर कर्नाटकात. कोपीवर नळी कोण धुणार? तुंबली, पू झाला तर मुकादम सुट्टी देणारे का? आत्ताच गाठ काढा, कडेचं हाड बरनं (फिरत्या घासणीनं) घासा, कार्नॉय (उरलेल्या पेशी जाळणारं द्रावण) लावा. भिंत पातळ असते, ओढताना फाटते. शिवाय आजूबाजूला बारक्या पिल्लगाठी असतात. नुसती खरवडली तर परत येण्याची भीती मोठी.

बीडचा दंतवैद्य: कार्नॉय शिरेला लागलं तर ओठ बधिर, ते कोण निस्तरणार? आणि एकदाच काढली तरी निदान पाच वर्षं दरवर्षी एक्स-रे लागतोच, त्यानंतरही उलटलेल्या केसेस आहेत. मग ‘गाठ परत यायची नाही’ हे तुमच्या बाजूनं कसं काय धरता?

परभणीकर (पॅथॉलॉजी): तुम्ही निदान बायोप्सी तरी केलीत. इकडं दाढ उपटतात, गोळ्या देतात आणि निघालेली पिशवी बादलीत टाकतात! मेलेल्या दाताच्या मुळाशी होणारी साधी गाठ वेगळी. म्हणून आधी दात जिवंत आहे का ते तपासा. अमेलोब्लास्टोमा हा जबड्यातला ट्यूमरही फिल्मवर असाच दिसतो, त्याचं ऑपरेशन मोठं. डब्ल्यूएचओनं हिला 2005 मध्ये ट्यूमरमध्ये टाकलं, 2017 मध्ये परत सिस्टमध्ये आणलं; गाठीनं वागणं काही बदललं नाही. दोन-तीन जागी निघाल्या तर गॉर्लिन सिंड्रोम या आनुवंशिक आजाराचा विचार करा, घरच्यांनाही तपासा.

अंबाजोगाईची ताई: डॉक्टर नाही मी, पण त्या माणसाला कुणी विचारलं का? उचल घेतलेली असेल तर तो दोन्हीला नाहीच म्हणेल.

संभाजीनगरकर सर्जन: ताई, मुद्दा बरोबर. पण पुढच्या हंगामावर ढकललं तर गाठ हाडातल्या हाडात पसरत राहते, बाहेरून फारशी फुगत नाही.

बीडचा दंतवैद्य: उद्या बायकोला घेऊन बोलावलंय. यंदा तोडीला जाणार नसेल तर नळीच. जाणार असेल तर सीबीसीटी (जबड्याचा थ्रीडी स्कॅन) करून तुमच्याकडं पाठवतो, सर. पण कार्नॉय शिरेपासून लांब ठेवा.