मदत हवी आहे: पुण्यात स्टार्टअपवाल्यांचा गट सुरू केला, पण टिकत नाही

बाणेरकर
मंडळी, थेट विचारतो. पुण्यात स्टार्टअप चालवणाऱ्यांचा एक गट सुरू केला आहे. पहिल्या भेटींना गर्दी झाली, आता कुणी फिरकत नाही. व्हॉट्सअॅप ग्रुपवर माणसं भरपूर, पण तिथे सणांच्या शुभेच्छा, जीएसटीच्या तारखा आणि 'फंडिंग मिळवून देतो' अशी पत्रकं एवढंच येतं. पुढची भेट महिनाअखेरीला ठेवायची आहे. काय केलं तर लोक येतील? 'चिकाटी ठेवा' असं सांगू नका, ठोस उपाय हवा. जरा लवकर.

सई कोथरूड
किती जण आहेत? वार, वेळ, जागा? सॉफ्टवेअरवालेच आहेत की वस्तू बनवणारेही? भेटीत नेमकं करता काय? यातलं काहीच लिहिलं नाहीत, तर उपाय कशावर सांगायचा?

बाणेरकर
सगळ्या प्रकारचे आहेत. माझ्या ऑफिसात भेटतो, शुक्रवारी संध्याकाळी.

भोसरी एमआयडीसी
ऑफिस बाणेरला असणार. शुक्रवारी संध्याकाळी भोसरीहून बाणेर! खराडीवाल्याचं तर विचारूच नका, त्याचा जीव विद्यापीठ चौकातच जातो. अहो, पुण्याच्या दोन्ही मेट्रो जिल्हा न्यायालय स्टेशनला मिळतात. वनाज, रामवाडी, पिंपरी, स्वारगेट, कुठूनही माणूस तिथे गाडी न काढता येतो. शिवाजीनगर भागात जागा बघा आणि शनिवारी सकाळी भेटा. माझ्या मते निम्मा प्रश्न तिथेच सुटेल.

हिंजवडीग्रस्त
मेट्रोचं आम्हाला सांगू नका. पावसाळ्यात फेज दोनमधून वाकडच्या पुलापर्यंत यायला किती वेळ लागतो ते एकदा येऊन बघा.

सई कोथरूड
रस्त्यांसाठी वेगळा धागा काढा, प्लीज.

अनुभवी उद्योजक
नवीन गट हवाच कशाला? बीएनआयमध्ये या, एकमेकांना काम मिळवून देणाऱ्या व्यावसायिकांचं ते जाळं आहे. दर आठवड्याला भेट, एका शाखेत एका व्यवसायाचा एकच माणूस, आणि कोणी कुणाला किती काम मिळवून दिलं याची नोंद. शिस्त असली की माणसं येतात. मराठी वातावरण हवं असेल तर माधवराव भिडे यांनी सुरू केलेला मराठी उद्योजकांचा सॅटर्डे क्लब आहेच. फुकट गोष्टीला किंमत नसते, फी लावा.

कोड आणि कढी
असहमत. बीएनआय ज्यासाठी आहे त्यासाठी उत्तम आहे. इंटिरियर, विमा, छपाई, ज्यांचं गिऱ्हाईक याच शहरात आहे त्यांना फायदा होतो. माझं गिऱ्हाईक जर्मनीत आहे, मला शेजाऱ्याकडून काम नको आहे. मला हवा आहे माझ्यासारखाच प्रॉडक्ट बनवणारा, आणि 'एका व्यवसायाचा एकच' म्हटलं की नेमका तोच बाहेर राहतो!

अनुभवी उद्योजक
काम मिळालं नाही तर माणूस शनिवारची सकाळ का घालवेल? नुसत्या गप्पांसाठी?

कोड आणि कढी
होय, गप्पांसाठीच. लंडनमध्ये सॉल क्लाइन यांनी २००७ मध्ये ओपन कॉफी सुरू केली ती याच कल्पनेवर. ठरलेली वेळ, ठरलेली जागा, भाषण नाही, ज्याला यायचं त्याने यावं. त्याच लाटेत २००८ मध्ये पुणे ओपन कॉफी क्लब सुरू झाला. पुण्यात स्टार्टअप हा शब्द घरात समजावून सांगावा लागायचा तेव्हाची गोष्ट आहे ही.

कायदा सल्लागार
सर्वप्रथम संस्था नोंदवून घ्या. १८६० च्या कायद्याखाली सोसायटी करायची तर किमान सात सदस्य लागतात, आणि महाराष्ट्रात तिची १९५० च्या सार्वजनिक न्यास कायद्याखालीही नोंदणी होते. नाहीतर कंपनी कायद्यातल्या कलम ८ ची, म्हणजे नफा न वाटणारी कंपनी करा. घटना, पॅन, बँक खाते या क्रमाने जा. मसुदा लागल्यास कळवा.

बाणेरकर
नोंदणीचं कुणी विचारलंच नाही हो. माणसं येत नाहीत, हा प्रश्न आहे.

सई कोथरूड
तुम्ही अजून भेटीत काय करता ते सांगितलेलं नाही.

बाणेरकर
एक पाहुणा बोलावतो. गुंतवणूकदार, सीए, मार्केटिंगवाला असा कुणीतरी. तो तासभर बोलतो. मग प्रत्येकजण ओळख करून देतो, चहा, कार्डं देणं-घेणं. वेळ उरला तर प्रश्नोत्तरं.

सई कोथरूड
मग दुखणं तिथेच आहे. सविस्तर लिहिते.

मीही अशा भेटींना जायचे. ओळख करून देताना प्रत्येकजण म्हणतो, 'मस्त चाललंय, दोन मोठ्या कंपन्यांशी बोलणी सुरू आहेत.' एकदा असंच सगळं ऐकून खाली पार्किंगमध्ये आलो, तर त्याच बोलणाऱ्यांपैकी एकजण हेल्मेट हातात धरून मला म्हणाला, 'या महिन्याचे पगार एफडी मोडून केले, घरी सांगितलेलं नाही.' मग अर्धा तास आम्ही तिथेच उभे. त्या संध्याकाळची खरी भेट ती होती. वर समोर गुंतवणूकदार आणि सीए बसलेले असताना तो हे कसं बोलणार? ज्याच्याकडे पैसे मागायचे त्याच्यासमोर कुणी आपली गळती दाखवत नाही.

म्हणून आम्ही आठच जणांचा गट केला. महिन्याला एक शनिवार, दर वेळी तेच आठ. पाहुणा नाही, गुंतवणूकदार नाही, कुणी काही विकायचं नाही. एकजण आपली अडचण मांडतो, आकड्यांसकट: बँकेत किती आहे, महिन्याचा खर्च किती, कितीचं बिल अडकलंय. बाकीचे आधी फक्त प्रश्न विचारतात, सल्ला शेवटी. तिथलं बोलणं बाहेर जात नाही. लागोपाठ गैरहजर राहिला त्याची जागा दुसऱ्याला.

उपयोग काय, विचाराल. माझं सेन्सरचं काम आहे. एका मोठ्या गिऱ्हाइकाने बिल दाबून ठेवलं होतं आणि मी रोज फोन करत बसले होते. गटातल्या एकाने कायदा समोर ठेवला. सूक्ष्म आणि लघु उद्योगाला लेखी करार असला तरी ४५ दिवसांच्या आत पैसे द्यावे लागतात, करार नसेल तर १५ दिवसांत. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज. तक्रार सरकारी पोर्टलवर करता येते, पण उद्यम नोंदणी, म्हणजे लघुउद्योग म्हणून सरकारदरबारी नोंद, आधीपासून हवी. मी तक्रारही केली नाही, नुसतं कलमांसकट पत्र पाठवलं आणि पैसे आले. हे तासाभराच्या भाषणात मिळालं नसतं, कारण माझी अडचण तिथे कुणाला ठाऊकच नसती.

भोसरी एमआयडीसी
उद्यम नोंदणी माल पाठवण्याआधी हवी, हे ठळक अक्षरात लिहायला हवं. आमच्याकडचे कितीतरी लोक पैसे अडकल्यावर नोंदणीला धावतात.

कोड आणि कढी
सईताई, हे पटतं, पण आठ जणांनी दार लावून घेतलं की शहरात नवीन आलेल्याने जायचं कुठे? परभणीहून आलेल्या, कुणालाच न ओळखणाऱ्या मुलाला तुमच्या गटात कोण घेणार? बंद गट म्हणजे शेवटी आधीपासून ओळख असलेल्यांचीच सोय.

सई कोथरूड
हा आक्षेप खरा आहे. आमच्या गटात जागा झाली की ओळखीचाच माणूस येतो, हेही खरं. पण दार सताड उघडं ठेवलं की पहिला येतो तो विकणारा.

शिवाजीनगरचे आजोबा
तरुण मंडळी, एक सांगतो. १९०५ मध्ये शिकागोत पॉल हॅरिस यांनी रोटरी सुरू केली तेव्हा सभासद आळीपाळीने एकमेकांच्या ऑफिसात भेटत, नाव पडलं तेही त्यावरूनच. दुसऱ्याच्या ऑफिसात गेलं की त्याचा धंदा डोळ्यांना दिसतो, भाषणाची गरज उरत नाही. दर वेळी एकाच्याच ऑफिसात भेट ठेवली, तर तो कार्यक्रम त्या एकाचा होतो, बाकीचे पाहुणे राहतात. बाणेरकर, राग मानू नका. आणि जागा कुठेच मिळेना तर सेनापती बापट रस्त्यावर मराठा चेंबर आहे, १९३४ पासून उद्योजकांसाठीच उभी असलेली संस्था. तिथे विचारून बघायला काय हरकत आहे?

बाणेरकर
राग नाही, आजोबा. असं ठरवतोय: महिनाअखेरीची भेट पाहुण्याशिवाय, शनिवारी सकाळी दहाला, जिल्हा न्यायालय स्टेशनपासून चालत जाता येईल अशा जागी. ती सगळ्यांना खुली, परभणीच्या मुलालाही. तिथूनच आठ-आठ जणांचे गट पाडायचे, चिठ्ठ्या टाकून, म्हणजे ओळखीचा प्रश्न उरत नाही. गटांच्या भेटी आळीपाळीने एकमेकांच्या जागी, अगदी भोसरीच्या शेडमध्येही. व्हॉट्सअॅपवर फक्त तारीख आणि पत्ता. सईताई, आकडे मांडायची पद्धत पहिल्या गटाला येऊन दाखवाल का?

सई कोथरूड
येईन. पण चिठ्ठ्या टाकताना दोन थेट प्रतिस्पर्धी एका गटात आले तर आधीच बदला, नाहीतर दोघेही तोंड उघडणार नाहीत.

खराडीची नवी
मला धरा, रामवाडीहून मेट्रोने येईन. एक शंका आहे. माझं पगारपत्रकाचं सॉफ्टवेअर आहे आणि मी ते छोट्या स्टार्टअपनाच विकते. मग मी फाउंडर की विकणारी?

सई कोथरूड
फाउंडर. गटात डेमो द्यायचा नाही, इतकंच. कुणी आपणहून मागितला तर दुसऱ्या दिवशी, बाहेर.