एजिझमला मराठीत काय म्हणावं?

नौपाडेकर: आमच्या ज्येष्ठ नागरिक संघातर्फे, परदेशी मुलांकडे कायमचं राहायला जाणाऱ्यांसाठी पत्रक काढतोय. एजिझमला, म्हणजे वयावरून माणसाला कमी लेखण्याला, मी ‘वयभेद’ लिहिलं. अध्यक्षांनी विचारलं, "म्हणजे नवराबायकोच्या वयातला फरक का?" आता काय करू?

शुद्धमती: वर्णभेद, जातिभेद, लिंगभेद चालतात, मग वयभेदानं काय घोडं मारलंय? रुळेल. मूळ शब्द तरी कुठे जुना आहे? रॉबर्ट बटलर या अमेरिकी मनोविकारतज्ज्ञानं तो १९६९ मध्ये घडवला.

नेरूळची माई: माझी ताई पासष्टीनंतर न्यू जर्सीला गेली. ठाण्यात तीस वर्षं इंग्रजी शिकवलेली बाई. तिथल्या दवाखान्यात काउंटरवरची मुलगी हिच्याकडे न बघता भाचीला विचारते, "यांना काय होतंय?" पांढरे केस पाहिले, उच्चार ऐकले, संपलं. तिथे कधी नोकरी नसलेल्यांना ग्रीन कार्डावर सलग पाच वर्षं काढल्याशिवाय मेडिकेअर, म्हणजे तिथला ज्येष्ठांचा सरकारी आरोग्य विमा, विकतसुद्धा मिळत नाही, ते एक असो, नियम आहे. पण त्या मुलीच्या वागण्याला काय म्हणाल? ताई फोनवर म्हणाली, "मला मोडीत काढलंय गं इथे."

नौपाडेकर: वा! पण पत्रकाचा मथळा ‘मोडीत काढणे’?

शुद्धमती: छे. अशानं परिभाषा होत नाही. शिवाय तो मोडी लिपी बंद पडली त्यावरून आलाय.

तांबटकाका: लिपीचा काय संबंध? मोड म्हणजे फुटकी भांडी. आमचा धंदाच होता. भांडं कितीही घाटदार असो, मोडीत भाव फक्त वजनाला.

शुद्धमती: पुरावा?

तांबटकाका: तराजू.

लेणीवेडा: ‘थेरडा’ विसरलात. संस्कृत स्थविर, पाली थेर. कार्ल्याच्या शिलालेखात थेर म्हणजे मानाचा भिक्षू. आपण ‘डा’ जोडून शिवी केली. म्हातारासुद्धा मूळचा महत्तर! माझा शब्द : थेरद्वेष.

नेरूळची माई: ताईला थेरडी म्हणायचं तेवढं राहिलं होतं! आणि ती तिथे परकीही आहे, ते तुमच्या वयभेदात कुठे बसतं? इथे लोकलमध्ये कुणी आजी म्हटलं की फणकारायची. आता म्हणते, आजी तरी म्हणा कुणी.

नौपाडेकर: मंडळी, सोमवारी छापायला द्यायचंय.

वाशीकर: काका, जांभळी नाक्याला तांब्याची मोड अजून घेतात का? आईचा बंब पडून आहे.

तांबटकाका: नळ पितळी असेल तर आधी काढून घ्या. त्याचा भाव वेगळा.