जुनी हजेरी नव्या सॉफ्टवेअरमध्ये ओतायची, की फक्त शिल्लक रजा?

पंचवाला:
भोसरीतला छोटा कारखाना, तीन पाळ्या. जुनी हजेरी एका अ‍ॅक्सेसच्या फाइलमध्ये, त्याआधीची एक्सेलमध्ये. येत्या एक तारखेपासून नवं सॉफ्टवेअर. एचआर म्हणतंय, जुनं सगळं पंचिंग, म्हणजे मशीनवरच्या येण्या-जाण्याच्या वेळा, आत घ्या. मी म्हणतो, रुजू तारीख, शिल्लक रजा आणि सी-ऑफ (सुट्टीला काम केल्याची बदली सुट्टी) एवढंच घ्या, बाकी फाइल कुलपात. कारण कच्चं पंचिंग टाकलं की सॉफ्टवेअर त्याला आजचे नियम लावतं. आमची पहिली पाळी पूर्वी सातची होती, आता साडेसहाची. चाचणीला एक जुना महिना टाकला, तर ६:५२ ला आलेला माणूस लेट आणि त्याचा अर्धा दिवस कापलेला. पगार तर कधीच होऊन गेलाय! हे कामगारांच्या अ‍ॅपवर दिसलं तर गेटवर सभाच.

हिशेबनीस:
साफ नामंजूर. ग्रॅच्युइटीला कायम कामगाराची पाच वर्षांची सलग सेवा लागते आणि सलग म्हणजे वर्षाला २४० दिवस. कामावरच्या अपघाताची रजा, बाळंतपणाची रजा, ले-ऑफ (काम नाही म्हणून बसवलेले दिवस) हेही त्यात धरायचं असतं. ‘शिल्लक १४’ या आकड्यातून हे काढून दाखवा. माणूस सोडून जाईपर्यंत आयटीवाला आधीच गेलेला असतो आणि तुमच्या फाइलचा पासवर्ड त्याच्याबरोबर.

पंचवाला:
पासवर्ड लिफाफ्यात घालून अकाउंट्सच्या तिजोरीत. फाइल पुसून टाकतंय कोण?

तिसरी_पाळी:
कामगाराचंही ऐका. मागे सिस्टिम बदलली तेव्हा आमची रात्रपाळी फुटली. रात्री अकराला इन, सकाळी सातला आउट. तारखेप्रमाणे दोन तुकडे झाले आणि दोन्ही दिवस ‘मिस पंच’. तेव्हाच्या फॅक्टरी अ‍ॅक्टचं कलम ५७ सांगायचं, मध्यरात्रीनंतरचे तास आदल्या दिवसातच धरा. सॉफ्टवेअरला कुणी सांगितलंच नव्हतं. सुपरवायझरच्या सह्या गोळा करत फिरलो आम्ही. माझं मत पंचवाल्याच्या बाजूने, पण कारण वेगळं: तुम्हाला हे धड जमत नाही.

डेटा_हमाल:
पोटापाण्याला हेच करतो, म्हणून बोलतो. पंचिंग आणि मस्टर यांची गल्लत होतेय. पंचिंग आणूच नका. प्रोसेस झालेलं मस्टर आणा: हजर, गैरहजर, साप्ताहिक सुट्टी, रजेचा प्रकार, ओटीचे (ओव्हरटाइमचे) तास. मग तो काळ लॉक करा, म्हणजे आजचे नियम त्याला शिवत नाहीत.

खरी घाण पुढेच आहे. टोकन, म्हणजे कामगाराचा नंबर, ००४७ एक्सेलमध्ये उघडला की ४७ होतो. ०५/०४ म्हणजे ५ एप्रिल की ४ मे? बारा तारखेपर्यंत गुपचूप उलटतं. तेरावा महिनाच नसतो म्हणून पुढे अडकतं, तेव्हा कुठे कळतं. ओटी ‘८.३०’ म्हणजे साडेआठ तास, पण सॉफ्टवेअर आठ पूर्णांक तीन दशांश वाचतं. बारा मिनिटं गेली, तीही दुप्पट दराची. नावं जुन्या श्रीलिपी फॉन्टात असतील तर पडद्यावर नुसती चिन्हं. आणि सोडून गेलेल्याचा टोकन नव्या पोराला दिलेला असतो, ते वेगळंच. दोघांची हजेरी एकाच्या नावावर!

हिशेबनीस:
लॉक केलेलं मस्टर चालेल. किती वर्षांचं?

पंचवाला:
चालू आणि मागचं. फॅक्टरी अ‍ॅक्ट नोव्हेंबर २०२५ पर्यंत होता, त्याच्या कलम ७९ प्रमाणे आदल्या वर्षी २४० दिवस भरले तर दर २० दिवसांना एक रजा होती, म्हणजे तेवढं लागतंच, हे मान्य. त्यामागचं कशाला?

हिशेबनीस:
२०१६ ला लागलेल्या माणसासाठी. रोजचं नको, वर्षवार बेरीज तरी घ्या, रजेच्या प्रकारासकट.

पंचवाला:
बेरीज घेतो. पण ती एक्सेलमधूनच येणार, आणि आमच्या एक्सेलवर माझा फार विश्वास नाही.

तिसरी_पाळी:
आमचा तर अजिबात नाही. टोकनप्रमाणे नोटीस बोर्डावर लावा, हरकतीला पंधरा दिवस द्या. मग घाला कुठे घालायची तिथे.