छापील बिलावर आकडे वर चढतायत, त्याबद्दल

देवगडच्या बागायतदार दादांनी वर विचारलंय, अ‍ॅक्सेसमधून (मायक्रोसॉफ्टचा डेटाबेस प्रोग्रॅम) छापताना पहिलं बिल छापील चौकटीत बसतं, पुढे आकडे वर वर चढतात. प्रिंटरला बोल लावू नका. सगळ्या बिलांवर सारखाच फरक असता तर मार्जिन बघायचं; इथे तो पानागणिक वाढतोय, म्हणजे कागदाची लांबी चुकलीय. तुम्ही ए५ आडवा निवडलाय, त्याची उंची १४८ मिमी. जोडकागदाचं (एकमेकांना जोडलेली, कडेला भोकं असलेली पानं) बिल ६ इंची, म्हणजे १५२.४ मिमी. दर बिलाला साडेचार मिमीच्या आसपास फरक, पाचव्या बिलापर्यंत पेट्यांचा आकडा गिऱ्हाइकाच्या नावावर.

विंडोजच्या प्रिंट सर्व्हर प्रॉपर्टीजमध्ये १० बाय ६ इंचाचा नवा फॉर्म, म्हणजे कागदाचं माप, बनवा (अ‍ॅडमिन लॉगिन लागेल) आणि अ‍ॅक्सेसमधल्या बिलाच्या रिपोर्टच्या (छपाईच्या आराखड्याच्या) पेज सेटअपमध्ये तोच निवडा. दर बिल नव्या पानावर यावं म्हणून बिल नंबरवर ग्रुपिंग, ग्रुप फुटरला (गटाच्या शेवटच्या भागाला) 'फोर्स न्यू पेज'मध्ये 'आफ्टर सेक्शन'. रिपोर्टमधल्या चौकटींचं 'कॅन ग्रो' (मजकूर लांबला की चौकट वाढते ती सोय) बंदच ठेवा, नाहीतर वाशीच्या एखाद्या लांबलचक पत्त्याने हमाली-भाड्याच्या ओळी खाली ढकलल्याच म्हणून समजा.

नवीन बिलबुकं छापायला टाकण्याआधी एक बघा. ताज्या आंब्यावर जीएसटी नाही, म्हणून जीएसटी नोंदणी असेल तर मथळा 'बिल ऑफ सप्लाय' (कर न लावलेलं बिल) हवा. डबाबंद पल्पचं टॅक्स इन्व्हॉइस (कर लावलेलं बिल) वेगळं. बिलाचा नंबर अक्षरं-आकडे धरून जास्तीत जास्त १६ चिन्हांचा.

आणि पावसाळ्यात कागदाचा गठ्ठा जमिनीवर ठेवू नका हो, सादळला की कडेची भोकं फाटतात.