सगळ्यांच्या आठवणी एकाच माणसाच्या डोक्यात: शहाणपण की पळवाट?

मुठाकाठ:
लोइस लॉरींची 'द गिव्हर' (१९९३) ही कादंबरी काल वाचून संपवली. त्यातल्या समाजानं रंग, बर्फ, युद्ध, भूक हे सगळं विसरून त्या आठवणी एकाच माणसाकडे ठेवल्यात. बारा वर्षांचा जोनस त्याचा वारस. म्हातारा त्याच्या उघड्या पाठीवर हात ठेवून एकेक आठवण देतो. मला हा शुद्ध भ्याडपणा वाटतो. लोकांनी जास्त मुलं मागितली, तेव्हा समितीनं म्हाताऱ्याला विचारलं. त्याला भूक आठवली, त्यानं नको सांगितलं. भूक त्यानं सोसायची, सल्ला यांनी घ्यायचा!

आमच्या घरी वर्षं 'पानशेतच्या आधी' आणि 'नंतर' अशीच मोजत. पानशेत धरण फुटून पुण्यात पूर आला, तो १२ जुलै १९६१ मी पाहिला नाही, पण तो माझाही आहे.

शनिवारातली:
भ्याडपणा हा शब्द लागला. आजीचं घर त्याच पुरात गेलं. आम्ही विषय काढला की ती उठून देवघरात जायची. तिनं गिळलं म्हणून आम्ही सुखानं वाढलो. युद्धाची आठवण दिल्यावर म्हातारासुद्धा जोनसची क्षमा मागतो, ते विसरलात?

मुठाकाठ:
नाही विसरलो. पण गप्प राहायचं आजींनी स्वतः ठरवलं. शिवाय त्या का उठून जातात, हे तुम्हाला कळत होतं. कादंबरीतल्या लोकांना आपण काही विसरलोय हेच ठाऊक नाही.

जुना वाचक:
रोझमेरीचं काय? जोनसच्या दहा वर्षं आधीची वारस. ती गेली आणि तिच्या जेमतेम पाच आठवड्यांच्या आठवणी लोकांवर कोसळल्या. कुणालाच सोसवेना.

मुठाकाठ:
सवयच नव्हती ना! म्हणून तर लहानपणापासून थोडं थोडं द्यायला हवं. २५ जुलै २०२४ ला खडकवासला धरणाचं पाणी सिंहगड रस्त्यावर एकता नगरीत शिरलं. नदीचा इतका काठ आपण बांधून काढला, तो पानशेतचा पूर विसरल्यामुळेच.

शनिवारातली:
हे पटत नाही. तिथं पूररेषा पाळायला हवी होती. ती नकाशावर मावते, त्यासाठी आजीचं दुःख कशाला?

मुठाकाठ:
नकाशावरची रेषा सरकवता येते. घरात गाळ पाहिलेला माणूस ती सरकवू देत नाही, भांडतो.

शनिवारातली:
असेल. माझी मुलगी सात वर्षांची आहे. तिला मी आत्ता काही सांगणार नाही. पुढे तिनं विचारलं, तर मात्र उठून जाणार नाही.